चौसष्टावी नोंद

त्यांच्या टेबलावर कोणताही कागद ठेवला की ते आधी तो उलटा करून मागची बाजू तपासत, मग सुलटा करत आणि विचारत, "भाषा कोणती?" कागदावर काय आहे, तो कुणी पाठवला आहे, किती घाईचा आहे, हे प्रश्न नंतरचे, कित्येकदा ते येतच नसत. अंधेरी पूर्वेला, एका औषधांच्या कारखान्यामागे आमची संशोधन संस्था होती आणि तिच्या संदर्भ विभागाचे ते प्रमुख होते. विभागात ते स्वतः, दोन लोखंडी कपाटं आणि एक खिडकी एवढंच होतं. "मग प्रमुख कुणाचे? खिडकीचे?" असं सायली विचारायची. सायली माहिती संगणकावर चढवण्याचं काम करायची, भांडुपहून यायची आणि संस्थेतल्या प्रत्येकाबद्दल तिच्याकडे एक तयार मत असायचं. त्यांच्याबद्दलचं तिने मला पहिल्याच दिवशी देऊन टाकलं. "त्या माणसापासून जपून हां. त्याला सगळेच चोर वाटतात. आणि ज्याला सगळे चोर वाटतात ना, तो स्वतः..." उरलेलं तिने भुवयांनी सांगितलं.

मी विक्रोळीच्या कंपनी वसाहतीत वाढलेली, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि आपलं पुढचं आयुष्य एका तक्त्यात मांडता येतं अशा समजुतीत असलेली मुलगी होते. संस्थेत मला वर्षभराचं काम मिळालं होतं. उपनगरांतल्या खाड्यांत पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळतात, याचा अहवाल तयार करायचा होता. अहवालाच्या शेवटी संदर्भसूची असणार होती आणि ती त्यांनी तपासून सही केल्याशिवाय संस्थेबाहेर जाऊ शकत नव्हती. तक्त्याच्या पुढच्या रकान्यात परदेशातल्या डॉक्टरेटची शिष्यवृत्ती होती. अर्जासोबत हाच अहवाल आणि सूची तपासल्याचं त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र लागणार होतं. प्रमाणपत्रावरची तारीख ठरलेल्या महिनाअखेरच्या आतली हवी होती; अर्ज पोचायला त्यापुढे एक आठवडा होता. म्हणजे माझ्या सगळ्या आयुष्याचा दरवाजा त्या खिडकीच्या प्रमुखाच्या हातात होता.

त्यांचा नियम समजायला सोपा आणि पाळायला जाचक होता. आमच्या सूच्या इंग्रजीत असत. त्यात गुजराती पुस्तिका, मराठी अहवाल, कोकणी नियतकालिक, सगळ्यांची नावं भाषांतर करून येत आणि सगळी एकसारखी इंग्रजी दिसत. शोधत येणाऱ्याला हाती काय लागेल याचा पत्ता नसे. म्हणून प्रत्येक नोंदीत मूळ स्रोताची भाषा हवी, तीही आंतरराष्ट्रीय यादीतल्या तीन अक्षरी संकेताने आणि यादीत आहे त्याच नावाने. मराठीला एम-ए-आर, गुजरातीला जी-यू-जे. भाषा ठरवताच आली नाही तर यू-एन-डी असाही एक संकेत होता. पण तो वापरायचा तर त्यांच्यासमोर बसून आपण काय काय प्रयत्न केले याचा जबाब द्यावा लागे.

"संदर्भ म्हणजे पत्ता," ते म्हणत. "तुम्ही इमारत सांगता आणि मजला गाळता. माणूस बिचारा जिन्यात उभा."

ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, चहा आणणाऱ्या मावशींनासुद्धा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी 'तू'वर येण्याची रीत असल्यामुळे हा आदर लोकांना धमकीसारखा वाटे.

एकदा एका नव्या मुलाने भाषेच्या रकान्यात 'प्रादेशिक' असं लिहिलं.

"ही कुठे बोलतात?"

"सर, म्हणजे... लोकल."

"कुठली लोकल? ठाणा की बोरिवली?"

सायली हसू दाबत बाहेर गेली. ते हसले नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

दुपारी चार वाजता ते शेंगदाण्यांची पुडी उलगडत, दाणे रुमालावर ओतत आणि रिकाम्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्याच्या भाषेचा संकेत लिहीत. मगच तो कागद टोपलीत जाई. डबा खाताना त्यांची पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे असे. कपाटाचं कुलूप ते तीनदा ओढून पाहत, जिन्यापर्यंत जात आणि चौथ्यांदा ओढायला परत येत. सायलीच्या बहिणीची लग्नपत्रिका त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केली. वरच्या श्लोकाला संस्कृतचा, मजकुराला मराठीचा, मागच्या बाजूच्या इंग्रजी मजकुराला इंग्रजीचा संकेत घातलेला आणि खाली बारीक अक्षरात एक शेरा: "वराचे शिक्षण मराठीत पदवीधर, इंग्रजीत पदव्युत्तर. खरे कोणते?"

"ह्येका लगीन मोडूचा आसा की काय?" सायली कडाडली. संतापली की ती थेट मालवणला पोचायची. पण त्या रात्री घरी चौकशी झाली, आणि मराठी मजकूर खरा निघाला.

त्यांची स्वतःची मातृभाषा कोणती, हे संस्थेत कुणालाच ठाऊक नव्हतं. हिशेब विभागातल्या शाहभाईंशी ते गुजराती बोलत, रखवालदाराशी हिंदी, गोव्याहून आलेल्या ग्रंथपालबाईंशी कोकणी, आमच्याशी मराठी, आणि प्रत्येक जण ते आपलेच असल्याचं सांगत असे. सायलीने एकदा त्यांचा जुना अर्ज पाहिला होता. मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'पडताळणी बाकी'.

"घरचे कोण नाहीत का यार त्याला विचारायला?" ती म्हणाली. तेव्हा मला हा विनोद वाटला. नंतर ते काहीतरी लपवतात याचा पुरावा म्हणून मी तेही धरू लागले.

त्यांची धास्ती बसली ती एका व्याख्यानात. पाहुणे मोठे होते, पुरस्कारांची यादी वाचायलाच पाच मिनिटं गेली होती. व्याख्यानाबरोबर त्यांनी आपल्या निबंधाच्या प्रती वाटल्या होत्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून आमचे प्रमुख उभे राहिले.

"तुमच्या सूचीतला अकरावा संदर्भ. भाषा हिंदी दिलीय. त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ कुठल्या रंगाचं आहे?"

पाहुणे हसले. "रंग लक्षात ठेवायची मला सवय नाही."

"निळं आहे. त्यावर पांढऱ्या अक्षरांत गुजराती लिहिलंय. रंग विसरता येतो हो. भाषा कशी विसरलात?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. पाहुण्यांनी ते पुस्तक कधी उघडलंच नव्हतं, दुसऱ्या कुणाच्या सूचीतून उचललं होतं, हे आता सगळ्यांना कळलं होतं. आमचे प्रमुख मात्र खाली बसून निबंधाचा पुढचा संदर्भ वाचू लागले होते. चुकीची भाषा म्हणजे न पाहिलेला स्रोत, हे त्यांचं अनुमान होतं, आणि ते क्वचित चुके. ते मला पटलं. शंका घेणं हा माझ्याही प्रशिक्षणाचा भाग होता.

माझ्या सूचीत खाडीकाठच्या मिठागरांवरची एक गुजराती पुस्तिका होती. "वाचून दाखवा," ते म्हणाले. मला लिपी येत नव्हती. मजकूर मी मैत्रिणीकडून समजून घेतला होता. त्यांनी नोंद बाजूला ठेवली. पुढचे आठ दिवस मी संध्याकाळी घाटकोपरला त्या मैत्रिणीच्या आईसमोर बसून बाराखडी गिरवली. "एम.एस्सी. झाली आणि क-ख शिकते!" काकी खाखऱ्याची थाळी पुढे सारत म्हणायच्या. नवव्या दिवशी मी संदर्भ विभागात त्यांच्या टेबलासमोर उभी राहून एक परिच्छेद अडखळत वाचला. ते डोळे मिटून ऐकत होते. "आता ही तुमची," ते म्हणाले आणि नोंदीवर बारीक खूण केली. त्या खुणेचा मला झालेला आनंद मी सायलीपासून लपवला.

आणि तरीही त्या महिनाअखेरीला पाच आठवडेच उरले होते आणि सूची त्यांच्याकडेच होती.

एका दुपारी मी सही मागायला गेले तेव्हा ते काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत काहीतरी उतरवत होते. मला पाहताच त्यांनी वही मिटली. पण उलटं वाचणं मला जमतं. ती माझी सूची होती. माझ्याच नोंदी, माझ्याच क्रमाने.

"ढापतोय," सायली म्हणाली. "तुझी वर्षभराची मेहनत, आणि उद्या ह्याच्या नावावर सूची छापून येणार. तुला काय वाटलं, हा इथे वर्षानुवर्षं शेंगदाणे खायला बसलाय?"

मी रडले वगैरे नाही. मी निरीक्षणं मांडली. वही लपवली जाते. सही लांबते. शनिवारी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून नाहीसे होतात. तीन निरीक्षणांतून एक गृहीतक निघत होतं, आणि गृहीतक तपासायची एक जुनी रीत मला ठाऊक होती. औषध शरीरात कुठे कुठे जातं हे पाहायला त्यात खुणेचं द्रव्य मिसळतात. ते जिथे सापडेल तिथे औषध पोचलं असं धरतात. माझ्या सूचीत मी एक खुणेची नोंद सोडायचं ठरवलं. जगात अस्तित्वातच नसलेली. ती माझ्या यादीबाहेर कुठेही दिसली तर चोर सापडला. अंतिम प्रत जाण्याआधी मी ती काढून टाकणार होते.

नोंद साधी होती: खाडीतल्या माशांच्या नावांची एक हस्तलिखित वही, वर्सोव्यातल्या एका कोळी कुटुंबाचा खासगी संग्रह. पण त्यांना फसवायचं तर भाषेचा रकाना निर्दोष हवा. यादीत कोळी नावाच्या काही भाषा आहेत, आणि घाईत कुणीही त्यातली एक उचलेल. पण त्या सिंध आणि कच्छकडच्या आहेत, आमच्या किनाऱ्याशी त्यांचा संबंध नाही. मी दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. शेवटी मराठीचा संकेत दिला आणि खाली टीप लिहिली: वर्सोव्याची कोळी बोली, यादीत स्वतंत्र संकेत नाही. इतकी काळजीपूर्वक नोंद मी वर्षभरात दुसरी केली नव्हती. ती चौसष्टावी. सुधारित सूची मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी टीप दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच काहीही विचारलं नाही.

आठवड्याभरात ते जागेवर नसताना मी काळी वही उघडून पाहिली. शेवटच्या पानावर चौसष्ट हा आकडा आणि माझी नोंद होती, शब्दशः. तेवढं वाचून मी वही मिटली. बाहेर मावशींच्या बांगड्या वाजल्या होत्या, आणि मला हवं ते मिळालं होतं.

पुढचे दोन आठवडे मी वाट पाहिली. सूची बाहेर कुठे छापून येते का, यावर नजर ठेवली. ती आली नाही, आणि सहीही आली नाही. महिना संपायला दहा दिवस उरले तेव्हा मी संचालक मॅडमकडे लेखी तक्रार घेऊन गेले. मॅडमनी ती वाचली आणि त्यांना वहीसकट बोलावून घेतलं.

"ही म्हणतेय, तुम्ही तिची सूची स्वतःच्या वहीत उतरवताय."

"उतरवतोय."

"का?"

"ह्यांच्या कागदावर मला खाडाखोड करता येत नाही. कागद ह्यांचा आहे." त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली.

पहिल्याच पानाच्या डोक्यावर माझं पूर्ण नाव होतं, खाली रेघ मारलेलं. जवळजवळ प्रत्येक नोंदीसमोर त्यांनी तो स्रोत स्वतः कुठे जाऊन पाहिला हे लिहिलं होतं: घाटकोपरचं वाचनालय, बोरिवलीच्या एका शाळेचं कपाट, आणि अशी कितीतरी ठिकाणं. शनिवार कुठे जात होते ते मॅडमना आणि मला एकाच वेळी कळलं.

"मग सही का अडलीय?"

"त्रेसष्ट झाल्या. एक राहिलीय."

मॅडमनी शेवटची पानं उलटली आणि मोठ्याने वाचू लागल्या. "'वर्सोवा, पहिला शनिवार. सात घरी विचारले. वही कुणी पाहिलेली नाही.' 'दुसरा शनिवार. मासे सुकवणाऱ्या एका बाईंनी हाकलले. शब्द: काय रं, सरकारी मानूस हाय का तू? होड्या मोजाया आयलास?'" मॅडमना हसू आलं, पण त्या वाचत राहिल्या. "'तिसरा शनिवार. त्याच बाई. म्हणाल्या, वही बिही काय नाय, नावं पायजेत तर बस खाली, मी सांगते. बसलो. तीस नावे मिळाली. हा वेगळा स्रोत आहे. चौसष्टाव्या नोंदीत धरू नये.'"

"अजून दोन शनिवार द्या," ते म्हणाले. "खाडीपलीकडे मढला विचारायचं राहिलंय. कुटुंब तिकडे गेलं असेल."

"अहो, पण हिने ती वही कुठे पाहिली, हे हिलाच विचारायचं ना! तुम्ही तर सगळ्यांना विचारता."

"विचारलं नाही." ते किंचित ओशाळले. "मॅडम, नोंद बघा. घाईचा माणूस सिंधकडचा संकेत उचलतो. ह्यांनी उचलला नाही. खाली टीप दिली. न पाहिलेल्या वस्तूसाठी माणूस एवढे कष्ट घेत नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. 'कुटुंब गाव सोडून गेलं' म्हणता आलं असतं. तेवढं त्यांनी मला स्वतःच सुचवलं होतं.

"सर, ती वही नाहीये."

"सापडली नाही म्हणजे नाही, असं लगेच—"

"नाहीच आहे. ती नोंद मी बनवली. तुम्हाला पकडायला."

"मला पकडायला," त्यांनी म्हटलं. स्वर एखादं शीर्षक वाचावं तसा होता. मॅडमनी माझी तक्रार हळूच पालथी केली. मला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी वहीची पानं मागे उलटली.

"सव्वीस, तीस, एक्केचाळीस आणि बावन्न," ते म्हणाले. "मूळ कागद लोकांच्या घरी आहेत म्हणालात. तुम्ही आणलेल्या छायाप्रती बघून मी खूण केली."

"त्या खऱ्या आहेत, सर."

"असतील. पण आता ते तुम्ही सांगून चालणार नाही."

पुढचे दिवस आम्ही दोघं मिळून ते चार मूळ कागद पाहायला हिंडलो. बसमध्ये ते एक आसन सोडून बसत. मी चौकशी करायची, दार वाजवायचं, कागद मागायचा; त्यांनी पाहायचा. तीन ठिकाणी कागद निघाले. परतताना एकदा त्यांनी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "मला वाटायचं, आळशी माणूसच खोटं लिहितो." मग म्हणाले, "कपाटात माझ्या सगळ्या जुन्या सह्या आहेत. त्यात मेहनती किती होते, बघायला हवं." निळ्या मुखपृष्ठाच्या पाहुण्यांपेक्षा मी त्यांचं जास्त नुकसान केलं होतं. त्या पाहुण्यांनी त्यांचं अनुमान खरं ठरवलं होतं.

चौथा कागद मुलुंडच्या एका निवृत्त शिक्षकांकडे होता; त्यांनी खाडीत दिसलेल्या माशांची टिपणं ठेवली होती. घराला कुलूप होतं. "गावी गेलेत ते," शेजारणीने सांगितलं. "महिना उलटला की दोन दिवसांनी येतील."

दोन दिवसांनी. मी जिन्यातच त्यांना म्हटलं, "सर, आपण फोन करू. ते वाचून दाखवतील."

"फोनवर भाषा ऐकू येते. दिसत नाही."

मुलुंडचा पत्ता त्यांनी मुद्दाम तर शेवटी ठेवला नसेल? हा संशय मला आला, हे मी इथे नोंदवून ठेवते. रात्री मी वहीतला क्रम आठवून पाहिला. सव्वीस, तीस, एक्केचाळीस, बावन्न. मुलुंड बावन्नावं होतं. क्रम माझाच होता.

महिना संपला. दोन दिवसांनी शिक्षक परतले, टिपणं त्यांनी ट्रंकेतून काढली, आणि सरांनी ती उभ्याउभ्या पानोपान पाहिली. दुपारी आम्ही मॅडमच्या खोलीत होतो. सूचीतली चौसष्टावी नोंद मी सगळ्यांसमोर खोडली होती. प्रमाणपत्र छापून तयार होतं, तारखेची जागा तेवढी कोरी होती.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "पोरीने कबूल केलं, धावपळ केली, काम खरं निघालं. मागच्या महिन्याची शेवटची तारीख घाला. दोन दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं. एरवी या वाक्यावर मॅडमना अर्धा तास ऐकावं लागलं असतं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "ह्यांना विचारा."

दोघंही माझ्याकडे पाहत होते. अर्जाचा लिफाफा माझ्या मांडीवर होता, बाकी सगळे कागद क्रमाने लावलेले.

"आजची," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले, चौकटीवर बोट ठेवून वार आणि तारीख जुळवून पाहिली, आणि मगच लिहिली.